भुरीचं आपरेशन

"नत्थू आहे का?"

ही हाक ऐकली की मले समजते, पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, काही तरी मेलं. कोणाच्या घरी लगन असलं, पोट्टं झालं, नवी गाडी आली, तेव्हा ही हाक येत नाही. नालीत डुक्कर फुगलं, मांजर ट्रकखाली आलं, टाकीत उंदीर सडला, की मंग नत्थूची आठवण येते.

नत्थू म्हणजे आमच्या साक्षीचे बाबा. नत्थू नगरारे, वय छप्पन. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटात कोळसा खाली करून करून छाती गेली, आता एका गोदामावर चौकीदार आहेत. हाक मारणारा श्यामराव त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, पण 'नत्थू' अन् 'तू' याच्या वर कधी चढला नाही. ट्रकांचा धंदा आहे त्याचा. भनपुरीले आफिस, आमच्या पाऱ्यात तीन मजली घर. तो वर्ध्याकडचा, आम्ही पवनीकडचे. पाऱ्यात मराठी बोलणारी दोनच घरं, म्हणून तो आम्हाले 'आपली माणसं' म्हणते. बावीस वर्षं झाली, आपल्या माणसांच्या घरचं पाणी काही त्याच्या घशाखाली उतरलं नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहते अन् तिथूनच गोड बोलते.

यांच्या आज्यानं गावात मेलेली ढोरं ओढली. सासऱ्यानं दीक्षा घेतली अन् ते काम सोडलं, गाव सोडलं. आम्ही रायपूरले आलो तं ते काम इथं आधीच येऊन बसलं होतं.

त्या दिवशी पाण्याची झड लागली होती. हे जेवाले बसले होते. दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात दारात छत्री उभी राहिली.

"नत्थू आहे का? भुरीची पिल्लं माह्या जिन्याखाली मेली वाटते. लय वास सुटला बाप्पा. संध्याकाळी पाहुणे येऊन राहिले. जरा पाहतं का?"

"हो जी, आलोच," हे म्हणाले. ताट सरकवलं, हात धुतला अन् सिमेंटचं रिकामं पोतं घेऊन निघाले. मी बी मागं गेली. काहून गेली ते मले बी नाही सांगता येत. रोज तं मी दारातच बडबडत राहते.

भुरी म्हणजे पाऱ्याची कुत्री. जन्माची पांढरी, पण प्लांटाची काळी धूळ बसून बसून राखेच्या रंगाची झाली. रात्री चोरावर भुंकली की सगळ्यांची, अन् व्याली की कोणाचीच नाही. वर्षातून दोनदा तिच्या मागं दहा-दहा कुत्रे लागायचे, लोकं दारात उभे राहून दात काढायचे, वरून गोटे मारायचे. दोन महिन्यांनी पिल्लं. गाडीखाली आली ती आली, उरलेली पाण्यात, थंडीत. अन् मंग नत्थू आहे का?

जिन्याखाली वाकलं तं नाकातले केस जळतील असा वास. सहा पिल्लं होती, एकमेकांवर पडलेली. पोटं फुगलेली, डोळ्यांच्या जागी अळ्या वळवळून राहिल्या होत्या. हे हातानं एक एक उचलून पोत्यात टाकत होते. श्यामराव दूर उभा, नाकाले रुमाल. सगळ्यात खालचं पिल्लू यांच्या हातात हाललं.

"जिवंत आहे जी एक," हे म्हणाले.

"टाक ना सोबतच. उद्यापर्यंत ते बी जाईनच. पुन्हा तुलेच चक्कर पडन."

बघा, माणसाले केवढी काळजी! यांचा हात थांबला. मी पुढं झाली, ते पिल्लू त्यांच्या हातातून घेतलं अन् पदरात गुंडाळलं. श्यामरावनं खिशातून पन्नासाची नोट काढली, पायरीवर ठेवली, उडू नये म्हणून तिच्यावर गोटा ठेवला. यांच्या हातात नाही दिली. यांनी गोटा बाजूले केला अन् नोट उचलली.

पिल्लू दुसऱ्या दिवशी माझ्या चुलीपाशी मेलं. भुरी तोवर आमच्या दारात बसून होती. तिच्या थानातून दूध ठिबकून उंबरा ओला झाला. मले त्या अळ्यांची किळस नव्हती आली. वीस वर्षं भट्टीच्या मळीच्या ढिगावर काम करते, नाक-डोळे मेले माझे. किळस आली ती त्या नोटीवरच्या गोट्याची.

माझं काम म्हणजे चुंबक ओढणं. प्लांटाच्या मागं भट्टीतून निघालेल्या जळक्या मळीचा डोंगर आहे. त्यात लोखंडाचे बारीक तुकडे राहतात. कमरेले दोर बांधायचा, दोराले चुंबक, अन् दिवसभर ढिगावरून ओढत फिरायचं. चिकटलेलं खरडून टोपल्यात टाकायचं. किलोनं पैसे. संध्याकाळी थुंकलं तं थुंकी काळी, नाक शिंकरलं तं काळं. कमरेले दोराचा असा घट्टा पडला की साडी तिथंच बसते, नाडा नसला तरी चालते. त्या आठवड्यात ओढता ओढता माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. बस झालं. आता या माणसाले कोणी पोतं घेऊन बोलवाचं नाही.

साक्षीले सांगतलं. पोट्टी वीस वर्षांची, भनपुरीले कुरिअरच्या गोदामात हिशेब लिहिते. मराठी सगळं समजते, पण तोंड उघडलं की हिंदी.

"मम्मी, उसका ऑपरेशन करवा दो ना. बच्चे ही नहीं होंगे तो मरेंगे कहाँ से?"

"कुत्रीचं आपरेशन?"

"सब करवाते हैं. शहर में एक मैडम हैं, मराठी ही हैं. मैं पूछती हूँ."

दुसऱ्या दिवशी विचारून आली. "दवाई पकड़के चार हजार."

"चार हजार!" मी हातातली पोळी तव्यावर सोडली. "माझं झालं तेव्हा सरकारनं मलेच पैसे दिले होते वो. गाडीनं नेलं, गाडीनं आणलं. अन् या महाराणीले आपण चार हजार द्याचे?"

साक्षी हसली. हे बी हसले, हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. मी नाही हसली. बाईचं बंद करायचं असलं तं सगळ्यांले घाई असते, कुत्रीचं कोणाले काय पडलं? पण मनात म्हटलं, चार हजारच आहेत. पाऱ्यात साठ घरं. घरामागं सत्तर रुपये बी नाही येत.

"मी चंदा मागते," म्हटलं.

"काहूनले लोकायच्या दारात जातं?" हे म्हणाले. "अपमान करून घेशीन."

"तुम्ही पोतं घेऊन जाता तेव्हा मान भेटते का?"

 मले वाईट वाटलं, पण शब्द निघून गेला होता.

आधी दुलारी साहूइनच्या दारात गेली. बाई मनाची बरी आहे, माझ्याशी सुखदुःखाचं बोलते. आपरेशनचं ऐकलं तं कानाले हात लावला. "हाय दई! एला काबर काटहू? पाप लगही बहिनी." तिले कापता काहून, पाप लागन म्हणे. मी म्हटलं, दर सहा महिन्यांनी पिल्लं सडतात, ते पाप कोणाच्या नावावर लागते? त्यावर तिनं हव-हव करून मान हलवली अन् सुपातले तांदूळ निवडत बसली. पुढच्या घरी म्हणे मालक ड्यूटीवर आहेत. त्याच्या पुढच्या घरी दहा रुपये दिले अन् विचारलं, पावती नाही का? याच पाऱ्यानं गणपतीत डीजेवर किती उडवले, त्याची पावती कोणी मागतली नव्हती.

श्यामराव झोपाळ्यावर चहा पिऊन राहिला होता. मी फाटकाच्या आत, पायरीच्या खाली उभी राहिली.

"कलावतीबाई, तुमचं मन मोठं आहे," तो म्हणे. "पण मादीची जात आहे. तिचं काम ती करनच. आपण निसर्गाच्या आड काहूनले जा?"

"निसर्ग तुमच्या जिन्याखाली सडते ना भाऊ, म्हणून म्हटलं."

त्याले ते आवडलं नाही. कप खाली ठेवला. "एवढाच तरास आहे तं नत्थूले सांगा, पोत्यात घालून धरसींवाच्या पुढं सोडून देईन तिले. त्याचे पाचशे मी देतो, हे घ्या आत्ता देतो. नत्थूले सवय आहे."

नत्थूले सवय आहे! माझ्या कानशिलात कोणी मारली असती तं परवडलं असतं. मी वळली. फाटकापाशी त्याची बायको मागून आली, वीसची नोट फाटकाच्या खांबावर ठेवली अन् हात झटकून गेली. ती नोट मी तिथंच राहू दिली.

सगळा पारा फिरून दोनशे साठ रुपये निघाले. घरी आली अन् डाळीच्या डब्याखालचा लहान डबा काढला. दसऱ्याले आम्ही तिघं नागपूरले जातो, दीक्षाभूमीवर. वर्षभर टोपल्यामागं दहा-वीस त्यात टाकते. साक्षीनं डबा पाहिला अन् समजली.

"मम्मी, नागपुर?"

"येत्या वर्षी जाऊ. हे काम बी तिथलंच आहे असं समज."

मॅडमनं सांगतलं होतं, दूध पूर्ण आटू द्या, महिना-दीड महिन्यानं आणा. आदल्या रात्रीपासून पोटात दाणा नको, सकाळी पाण्याचा थेंब नको. साक्षीनं तारीख घेतली. मी हो म्हटलं, यांनी हो म्हटलं.

अन् तिथंच आम्ही चुकलो. कोणी कॅलेंडर पाहिलं नाही. आम्ही पुनवा पाळतो, पुनवेले विहारात वंदनेले जातो. अमावस्या कोण पाहते? सासऱ्यानं पितर जेवू घालणं सोडलं त्याले साठ वर्षं झाली. आमच्या घरी कोणी मेलेलं जेवाले येत नाही, म्हणून बाकीच्यांच्या घरी येते हे आमच्या ध्यानातच नाही राहिलं. पंधरा दिवसांपासून पाऱ्यात रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी बरा-सोहारी, म्हणजे उडदाचे वडे अन् पुऱ्या, तळून राहिले होते. मी अंधारात जाते, अंधारात येते, मले फक्त तेलाचा वास येत होता. भुरी बी जरा भरल्यासारखी दिसत होती. म्हटलं, पिल्लं नाहीत, अंगी लागून राहिलं. आपरेशनची तारीख होती नेमकी शेवटच्या दिवसाची, सगळ्यांच्या पितरांच्या अमावस्येची.

आदल्या संध्याकाळी भुरीले घरात घेतलं, मागच्या टिनाच्या खोलीत दोरीनं बांधलं. उपाशी पोटी ती सारी रात कूं-कूं करत होती. हे दोनदा उठले, पाठीवर हात फिरवून आले. "पाणी तरी देऊ का व?" म्हणे. "खबरदार," मी म्हटलं.

सकाळी साक्षी ड्यूटीवर गेली. मी आटो आणाले हायवेवर गेली. कुत्री म्हटलं की आटोवाले हात जोडत. एक म्हणे सीट खराब होईल, एक म्हणे चावेल. चौथा तयार झाला, जाऊन-येऊन सहाशे. तास लागला मले. घरी आली तं दाराची कडी उघडी, अन् हे उकिडवे बसून फरशी पुसून राहिले होते.

"मुतली का?"

"हो," हे म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

भुरी निवांत पडली होती. रात्रभर रडणारं जनावर एवढं शांत कसं, हे माझ्या ध्यानात याले पाहिजे होतं. नाही आलं. मले मॅडमची वेळ गाठायची होती.

दवाखाना स्वच्छ होता, फिनाईलचा वास. मोठ्या घरचे केसाळ कुत्रे गाद्यांवर बसले होते. आम्ही दाराजवळ उभे. टेबलावरच्या पोरीनं कागद काढला. "मालिक का नाम?"

"मालिक नहीं है, पारे की है."

"किसी का तो लिखना पड़ेगा आंटी."

मंग लिहिलं, कलावती नत्थू नगरारे. अन् मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावावर काही झालं, तं ते कुत्री.

मॅडमचं नाव देवयानी. तरणी, चष्म्याची, पुण्याकडचं पुस्तकासारखं मराठी. भुरीच्या पोटावर हात फिरवला, हिरड्या पाहिल्या. "रात्रीपासून काही खायला दिलं नाही ना?"

"नाही मॅडम."

"आज सकाळी? पाणी, दूध, बिस्किट?"

"काहीच नाही. माझ्या हातानं कोंडली होती."

तिनं यांच्याकडे पाहिलं. "काका, नक्की ना?"

हे फरशीकडे पाहत होते. "हो जी," म्हणाले.

यांचं 'हो जी' मी आयुष्यभर ऐकलं. ठेकेदाराले हो जी, श्यामरावले हो जी, पोतं घेऊन ये तं हो जी. त्या दिवशी बी ते तसंच निघालं, अन् मले त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही.

आत नेलं. दार अर्धं उघडं होतं. भुरीले सुई टोचली. ती माझ्याकडे मान वळवून पाहत होती, मंग तिची मान खाली आली, मंग पोट असं आतून उचकलं अन् तोंडातून भडाभड निघालं. उडदाच्या वड्याचे तुकडे. सोहारी, न चावलेली, घडीच्या घडी. तांदळाची खीर, तिच्यात चारोळ्या. स्टीलच्या टेबलावर ते सगळं पसरलं, खाली गळाले लागलं. तुपाचा अन् आंबट असा वास आला. निघालं तेवढं निघालं, उरलेलं तिच्या नरड्यातच राहिलं. ती शुद्धीत नव्हती, गिळता बी येईना, टाकता बी येईना.

"उलटी करा तिला! नळी द्या, लवकर!" मॅडम ओरडली. तिघांनी मिळून भुरीले पायांनी उलटं धरलं, नळीनं ओढलं, छाती दाबली. जीभ निळी पडली. बराच वेळ मॅडम दाबत राहिली, तिच्या कपाळावरून घाम तिच्या चष्म्यावर पडत होता. मंग तिनं हात काढले.

बाहेर आली तेव्हा तिच्या झग्यावर खीर होती. "हे काय आहे? मी तीनदा विचारलं होतं. तीनदा!"

 मी त्या झग्यावरच्या चारोळीकडे पाहत होती.

"सांगितलेलं ऐकायचं नाही, आणि वर खोटं बोलायचं," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता, म्हणून मले तिचा राग बी नाही आला. गाद्यांवर बसलेले सगळे लोकं आमच्याकडे पाहून राहिले होते. मी खोटारडी अन् अडाणी, दोन्ही ठरली. तिनं सुईचे पैसे ठेवून बाकीचे परत केले. मंग आतल्या माणसानं यांच्याकडे बोट केलं, "काका, उठा लो." त्याले कोणी सांगतलं होतं की हेच उचलतात म्हणून? यांच्या तोंडाकडे पाहिलं की लोकांले समजत असन. हे लगेच वाकले.

आटोत भुरी पायांपाशी, पोत्यात. भनपुरीच्या पुढं ट्रकांची रांग लागली होती. मी म्हटलं, "कोणी चारलं?"

हे बाहेर पाहत राहिले. मी पुन्हा विचारलं.

"श्यामराव आला होता," ते म्हणाले. "तू गेल्याबरोबर. हातात पत्रावळ. त्याच्या बापाचा घास होता. कावळा म्हणे आला नाही."

"सिलतऱ्यात कावळे राहिले कुठं?"

"तेच. मंग कुत्र्यांपुढं ठेवला. पाऱ्यातले सगळे कुत्रे पंधरा दिवस खाऊन टम्म झालेले. हुंगत अन् चालले जात. त्याच्या घरी बाया रडून राहिल्या होत्या, बापाचा जीव कशात तरी अडकला म्हणून. मंग कोणी तरी सांगतलं, नत्थूकडे भुरी कोंडलेली आहे, रातभर रडून राहिली, उपाशी आहे."

"अन् तुम्ही दार उघडलं."

"मी नाही म्हटलं होतं व. दोनदा म्हटलं. आज तिले काही द्याचं नाही, डाक्टरनं मनाई केली म्हटलं." यांचा श्वास लागला. खोकले, पोत्यावर हात ठेवून पुन्हा बोलले. "तं तो मले नत्थूभाऊ म्हणे. हात जोडले त्यानं. नत्थूभाऊ, तुमच्या पाया पडतो, एवढा घास तिले खाऊ द्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा मले भाऊ म्हटलं, कले. मी कडी काढली."

मी कपाळावर हात मारून घेतला. शिव्या द्यायच्या होत्या, जिभेवर होत्या. पण कोणाले द्याच्या? एका भाऊ शब्दावर हा माणूस विकल्या गेला, अन् तो शब्द बी खोटा होता.

"मॅडमले काहून नाही सांगतलं? तिनं तुम्हाले विचारलं होतं."

"तू आधी नाही म्हटलं होतं," ते म्हणाले. "तुले सगळ्यांपुढं खोटं कसं पाडू?"

पाऱ्यात आटो आला. मी आटोवाल्याले म्हटलं, तीन मजली घरापुढं थांबव. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोतं खांद्यावर घेतलं. वीस वर्षं चुंबक ओढलेल्या बाईले कुत्रीचं काय ओझं? फाटक ढकललं. पायरीपाशी चपलांचा ढीग होता, आत पंगत उठली होती, लोकं पान खाऊन राहिले होते. त्या दिवशी मी पायरीखाली नाही थांबली. तिन्ही पायऱ्या चढली अन् झोपाळ्यासमोर, पुसलेल्या ओट्यावर पोतं उतरवलं. तोंड उघडं ठेवलं.

श्यामराव हात पुसत बाहेर आला. पोत्यात पाहिलं.

"मेली?"

"मेली. पोट भरलेलं होतं, म्हणून."

त्याचं तोंड पडलं. मले वाटलं, काही तरी लाज वाटली माणसाले. तो जवळ आला, आवाज खाली केला. "पण ओकली नाही ना? घास पोटातच राहिला ना?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली. तिथं कुत्रीचं दुःख नव्हतं, माझं नव्हतं, यांचं नव्हतं.  आटोतलं, दवाखान्यातलं, जिन्याखालचं सगळं एकदम घशाशी आलं. सांगून टाकू का, तुझ्या बापाचा घास फिनाईलच्या फडक्यानं पुसून बादलीत गेला म्हणून? मंग म्हटलं, काहूनले सोडू?

"ओकली," म्हटलं. "सगळी ओकली. चारोळ्या मोजता आल्या असत्या."

मागं त्याची बायको उभी होती. तिनं तोंडाले पदर लावला. श्यामराव एकदम मोठ्यानं बोलाले लागला. "हे इथं काहून आणलं मंग? घरात कार्य आहे, अमंगळ करून ठेवलं! कुत्री तुमची, आपरेशन कराले तुम्ही नेली."

"सकाळी आठ वाजता कोणाची होती?" मी म्हटलं. "तुमच्या बापाचा घास खाल्ला तिनं, तुमच्या घरची झाली. आता तुम्हीच उचला."

पायऱ्या उतरून आली. हे फाटकाबाहेर उभे होते, मान खाली. त्यांचा हात धरला, भर पाऱ्यातून धरून घरी आणलं. दुलारी दारातून पाहत होती.

दुपार गेली. ऊन तापलं होतं, पावसानंतरचं चिकट ऊन. त्याच्या ओट्याकडून दोनदा आरडाओरड ऐकू आली. पाहुणे नाकाले रुमाल लावून निघून गेले, असं साक्षीनं येताना पाहिलं. तिले मी सगळं सांगतलं. पोट्टी रडली, मंग तिनं भात टाकला. दिवे लागायच्या वेळी मी यांचं ताट वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला, तोच दारात हाक आली.

"नत्थू आहे का?"

यांचा हात थांबला. मी चुलीपाशी बसली होती, साक्षी भांड्यांपाशी.  मी ठरवलं होतं, आज मी बोलायचं नाही. हे उठले तं उठले, पोतं घेऊन गेले तं गेले. मंग बावीस वर्षं मी कोणासाठी बडबडली ते मले समजन.

"ए नत्थू! अरे, वास सुटला बाप्पा!"

यांनी ताट थोडं सरकवलं. मले तेवढंच दिसलं, ताट सरकलं. 

बाहेर पाय घासल्याचा आवाज आला. मंग आवाज नरम झाला, सकाळी झाला असन तसा. "नत्थूभाऊ! अहो नत्थूभाऊ, आहात का घरी?"

यांनी मान वर केली, उघड्या दाराकडे पाहिलं. बाहेर अंधारून आलं होतं, उंबऱ्याच्या पलीकडे श्यामरावचे नुसते पाय दिसत होते.

"नत्थूभाऊ घरी नाहीत," हे म्हणाले. चांगल्या मोठ्यानं, पाऱ्याले ऐकू जाईन असं.

मंग उठले, दार लोटलं, कडी लावली, अन् परत येऊन ताटावर बसले.